गोटीचं अनुमोदन

आमच्या घरात भांडण झालं की निरोप पोचवायचं काम गोटीकडे येतं. गोटीला अजून बोलता येत नाही, पण ते कोणाच्याच आड येत नाही.

"गोटी, तुझ्या बाबांना सांग, त्यांची छत्री माझ्याकडे राहिलीय," माझी नणंद दारातूनच म्हणायची.

"गोटी, आत्याला म्हणावं, ठेव ती छत्री. विद्यापीठाचे सगळे पैसे हवेत, मग छत्रीवर का पाणी सोडतेस?" नवरा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचा.

गोटी दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि ओठांवर थुंकीचा एक सुरेख फुगा काढायची. दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटायचा.

माझा नवरा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतो. तो विभागप्रमुख आहे. विभागात दुसरं कोणी शिकवायला नाही, त्यामुळे तो स्वतःचाच प्रमुख आहे आणि स्वतःचं फारसं ऐकत नाही. त्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, त्याच विद्यापीठात मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक. राहायला आमच्याच वरच्या मजल्यावर. त्या वर्षी विद्यापीठाकडे एकाच कामापुरते पैसे उरले होते. एक तर व्यायामशाळेची कुजलेली लाकडी जमीन बदलायची, नाही तर तत्त्वज्ञानाला दुसरा शिक्षक द्यायचा. शिक्षक मिळाला नाही आणि विद्यार्थीही आहेत तेवढे तीनच राहिले, तर विभाग बंद करून व्यवस्थापन विभागात घालणार होते. तिथे माझ्या नवऱ्याला 'वेळेचं नियोजन' हा विषय शिकवावा लागणार होता. स्वतःच्या लग्नाला हा माणूस पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर पोचला होता.

आता माझी बाजू सांगते. अभ्यास मोठा की खेळ, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझी बाजू झोपेची होती.

गोष्ट अशी, की रोज दुपारी, दोन सरावांच्या मधल्या वेळात, ताई खाली यायची. गोटीला खांद्यावर टाकायची आणि जागच्या जागी धावायची. "एक-दोन, एक-दोन." गोटी बघता बघता ढाराढूर. मग पुढचा तास माझा. गरम चहा, विंचरलेले केस आणि खिडकीजवळचं टेबल. त्या टेबलावर बसून मी चार ओळी लिहायची, त्यातल्या तीन खोडायची, आणि माझ्यासारखी सुखी बाई त्या गल्लीत दुसरी नसायची. भांडण झालं तशी ताई यायची बंद झाली. मी "एक-दोन" करून पाहिलं, तर गोटी खुदुखुदु हसायला लागली. नवऱ्याने तिला जाडजूड ग्रंथ वाचून दाखवला, तर मी झोपले. ती टक्क जागी. चहा रोज गार व्हायला लागला आणि एकदा माझ्या केसांत परवाचं बिस्कीट सापडलं.

शिवाय पैसे कोणालाही मिळोत, दुसरं भावंड वर्षभर तोंड फुगवून बसणार हे नक्की होतं. म्हणजे कोणीही जिंकलं तरी माझा तास हरणारच होता.

निर्णयाच्या सभेला खरं तर माझं काही काम नव्हतं. नवरा चष्मा घरी विसरला, तो द्यायला मी गोटीला कडेवर घेऊन गेले आणि मागच्या बाकावर टेकले. अध्यक्षस्थानी कुलगुरू होते. मुळात ते वनस्पतींचे अभ्यासक, फार मऊ माणूस. कोणाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ते कशाचाच निर्णय देत नाहीत. त्यांच्यापाशी एक शिक्का आहे, 'चर्चा करावी' असा. कुठलाही कागद आला की ते त्यावर तो मारतात. माणूस मऊ असला तरी शिक्का मारताना कुठून तरी जोर येतो. दणका खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

ताई उभी राहिली. "माझ्या पोरींना वर उडायची भीती नाही वाटत. खाली यायची वाटते. कुठली फळी कधी मोडेल, सांगता येत नाही."

"फळी मोडली तर सुतार मिळेल," नवरा उठला. "विचार करायची सवय मोडली तर कोणाला बोलावणार?"

"बाळ्या, तू विचार करतोस की नुसता बसलेला असतोस, हे आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही."

सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या कुलसचिव बाईंनी पेन थांबवलं. "'बाळ्या' वृत्तांतात घ्यायचं का?"

"घ्या," ताई म्हणाली.

"नको," नवरा म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "ताई, खेळायला काय लागतं? चेंडू इकडून तिकडे!"

"असं? मग एक आठवडा सांभाळून दाखव माझ्या पोरींना! शिट्टी तरी वाजवता येते का तुला?"

"आणि तू माझा विभाग चालवून दाखव! शिट्टी न वाजवता!"

"दाखवते!"

"दाखवच!"

कुलगुरू इतका वेळ खिडकीतल्या कुंडीकडे बघत होते. दोन माणसं एकाच गोष्टीला तयार झाली, हे त्यांच्या कानांना इतकं नवीन होतं की ते दचकून भानावर आले. "वा, वा. आठवडाभर अदलाबदल. मग दोघांनी येऊन सांगावं, पैसे कोणाला द्यायचे ते. फार छान ठराव. अनुमोदन कोणाचं?"

हे भांडण आहे, ठराव नाही, हे कुलगुरूंना कोणी सांगायचं?

"आँ!" गोटी ओरडली. तिला छताचा पंखा दिसला होता.

"मंजूर," कुलगुरू म्हणाले. कुलसचिव बाईंनी लिहून घेतलं: अनुमोदन, मागचा बाक.

*

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने खोक्यातून खेळाचे बूट काढले. लग्नाआधी घेतलेले, आत अजून कागदाचे बोळे. मी गोटीला ढकलगाडीत घालून मागोमाग गेले. काळजी नवऱ्याची नव्हती. घरी बसून तरी काय करणार होते, झोपणारं कोणी नव्हतं.

व्यायामशाळेत पोरी रांगेत उभ्या होत्या. संघाची कर्णधार इतकी उंच की सगळे तिला ताडमाड म्हणतात. नवऱ्याच्या गळ्यात शिट्टी होती, पण तो ती वाजवेना.

"सर, वाजवा ना. आम्हाला सवय आहे."

"शिट्टी मारून मुलींना बोलावणं बरं दिसत नाही," तो म्हणाला, आणि खेळ थांबवायचा असेल तेव्हा हात वर करून "क्षमस्व" म्हणायला लागला. कोणाला ऐकूच जात नव्हतं. शेवटी तो चेंडूच धरून बसला.

"मला एक सांगा," त्याने विचारलं, "चेंडू आपल्याकडे आला की आपण तो लगेच परत का पाठवतो?"

"नाही पाठवला तर पॉइंट जातो सर."

"कोणाकडे?"

"त्यांच्याकडे."

"तिकडे जाऊन तो काय करतो?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक करून खाली बसल्या. त्या दिवशी सराव झाला नाही, पण घरी जाताना त्या इतक्या मोठ्याने वाद घालत होत्या की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

आठवड्याच्या मध्यावर शेजारच्या महाविद्यालयाचा संघ मैत्रीचा सामना खेळायला आला. पहिलाच चेंडू ताडमाडकडे आला. तिने तो दोन्ही हातांनी अलगद धरला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

पंचांनी शिट्टी फुंकली.

"एक मिनिट सर," ती म्हणाली, "मी विचार करतेय."

पहिला डाव असा गेला. मधल्या सुट्टीत नवऱ्याने पोरींना धीर दिला आणि चेंडूचा तोच प्रश्न पुन्हा काढला, पण त्याला हळू बोलायची सवय नाही. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचला पाहिजे असं त्याचं तत्त्व. प्रश्न थेट जाळीपलीकडे पोचला. दुसऱ्या डावात त्यांची खेळाडू चेंडू हातात घेऊन उभी राहिली ती राहिलीच.

"अगं, मार ना!" त्यांचे प्रशिक्षक किंचाळले.

"पण सर, आपल्याला नकोय, त्यांनाही नकोय. मग हा आहे कोणाचा?"

आमच्या पोरी त्या प्रश्नाला सरावलेल्या होत्या. पलीकडच्या नव्हत्या. दुसरा डाव आम्ही जिंकलो, आणि तिसऱ्यात ताडमाडने जो शेवटचा फटका मारला तो पाहून माझा नवरा आनंदाने उडाला. जन्मात पहिल्यांदा. वर बऱ्यापैकी गेला. खाली आला तो सरळ फळीतून आत, गुडघ्यापर्यंत.

पोरींनी त्याला मुळा उपटावा तसा उपटून काढला. पँट फाटली होती, पाय शाबूत होता. तो त्या भोकाकडे बघत राहिला.

"तुम्ही रोज इथे उड्या मारता?"

"हो सर."

"कशाच्या भरवशावर?"

"कुठल्या फळीवर मारायची नाही ते पाठ केलंय," ताडमाड म्हणाली आणि बोट दाखवत गेली. "ती धोकेबाज. ती कोपऱ्यातली मावशी, नुसती कुरकुरते, करत काही नाही. तुम्ही गेलात ती काल चांगली होती."

नवऱ्याने प्रश्नसुद्धा विचारला नाही. मी ओळखलं, याला खरंच लागलंय, आणि पायाला नाही.

*

तत्त्वज्ञान विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे तीन विद्यार्थी. एक चष्मेवाला, त्याला सगळं येतं पण विचारलं की विसरतो. एक मौनी, जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. आणि एक जांभई, जो उपाहारगृह जवळ आहे म्हणून येतो.

ताईने पहिल्याच दिवशी तिघांना उभं केलं. "बसून बसून पाठीचं धनुष्य झालंय! मान डावीकडे. मान उजवीकडे. खांदे मोकळे. हं, आता पहिला परिच्छेद!"

प्रत्येक पानानंतर पाणी. अवघड वाक्य आलं की तिघांनी मिळून त्याच्यावर जायचं. "एकटा भिडू नकोस रे! पास दे!" मी गोटीला घेऊन दारात उभी असे. जांभई जांभई द्यायला विसरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे एक परीक्षक आले होते, कडक इस्त्रीतले. त्यांनी चष्मेवाल्याला विचारलं, "ज्याला वचन दिलं तोच ते विसरून गेला, तर ते पाळायचं की नाही?"

चष्मेवाला उघड्या तोंडाने बसून राहिला. कपाळावर घाम. एवढ्यात ताईने शिट्टी फुंकली. परीक्षक खुर्चीतून उडाले.

"बदली!" ताईने दोन्ही हात गोल फिरवले. "चष्मा बाहेर, मौनी आत!"

"अहो बाई, ही परीक्षा आहे!"

"मग? दमलेला खेळाडू मैदानावर ठेवायचा?"

परीक्षक उत्तर शोधेपर्यंत मौनी खुर्चीत बसली होती. सगळ्यांकडे एकदा पाहून ती म्हणाली, "वचन दोघांचं असतं. एक विसरला म्हणून ते निम्मं होत नाही. सगळं दुसऱ्यावर येतं."

परीक्षकांनी चष्मा पुसला. गुण कोणाच्या नावावर लिहायचे ते त्यांना समजेना, शेवटी त्यांनी तिघांनाही पास केलं. ताईने आनंदाने मौनीची पाठ इतक्या जोरात थोपटली की ती पुन्हा मौनात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आमच्या दारात उभी. नवरा आंघोळीला गेलाय हे बघूनच आली होती.

"अगं, एक विचारू?" तिचे डोळे झोप न झालेले. "लहानपणी मी बाळ्याला म्हटलं होतं, तुला झेल घ्यायला शिकवीन. त्याच्या हातातून सगळं पडायचं ना. मग माझ्या स्पर्धा सुरू झाल्या, राहूनच गेलं. तो विसरलाही असेल. पण त्या पोरीने परवा जे सांगितलं... रात्रभर डोक्यात तेच."

"परवा नाही ताई, कालच."

"बघ! दिवससुद्धा कळेनासे झाले. ही विद्या वाईट आहे गं. हिला दुसरा शिक्षक द्यायलाच हवा. एकट्या माणसाचं काम नाही हे."

माझ्या मनात लख्ख उजाडलं. इकडे नवरा दोन दिवस फळ्यांबद्दल बोलत होता, तिकडे ताई शिक्षकाबद्दल. म्हणजे आता भांडण मिटणारच! मी त्याच उत्साहात चांगल्या चहाचा पुडा आणून ठेवला.

*

सोमवारी सभेत नवरा आधी उभा राहिला. "सगळे पैसे व्यायामशाळेला द्या. मी स्वतः त्या जमिनीत जाऊन आलोय."

"खबरदार!" ताई उसळली. "सगळे पैसे तत्त्वज्ञानाला. त्या जिन्याखाली पोरं जिवाचं रान करतायत आणि यांना फळ्या सुचतायत!"

"ताई, तुझ्या मुलींचे पाय मोडतील!"

"आणि तुझ्या पोरांची डोकी मोडतील त्याचं काय? मला नकोत पैसे!"

"मलाही नकोत!"

"तू ना, लहानपणापासून हट्टी!"

"आणि तू ना, लहानपणापासून..." नवरा शब्द शोधायला लागला, तेवढ्यात ताई मागे वळली. "गोटी, तुझ्या बाबांना सांग, मी याच्याशी बोलत नाही!"

मी डोकं धरलं. गेला माझा तास. गेली खिडकी, गेलं टेबल.

गोटीला मात्र हे सहन होईना. आठवडाभराची अपुरी झोप तिच्या टाळूशी जाऊन पोचली आणि तिने असा टाहो फोडला की खिडकीतली कुंडी हलली. मी थोपटलं, झुलवलं. कुलसचिव बाईंनी पेन नाचवून दाखवलं. कुलगुरूंनी लाजत लाजत मांजराचा आवाज काढला. काही उपयोग नाही. शेवटी ताई तरातरा आली, तिने गोटीला खांद्यावर घेतलं आणि धावायला सुरुवात केली. "एक-दोन, एक-दोन." नवरा तिच्या शेजारून चालत राहिला, कारण त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "ऐक ताई, जमीन नसेल तर विचार उभा कुठे राहणार..." "एक-दोन, गप्प बस, एक-दोन..."

टाहो हुंदक्यावर आला. हुंदका सुस्काऱ्यावर. आणि गोटी झोपली.

नेमकं त्याच वेळी कुलगुरूंनी शिक्का उचलला. 'चर्चा करावी.' हात वर गेला.

"शूऽऽऽ!" अख्खं सभागृह एकदम म्हणालं.

कुलगुरूंचा हात हवेतच राहिला. त्यांनी गोटीकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, आणि तो आवाज न करता खुर्चीच्या उशीवर ठेवला.

"मग आता मी काय करू?" ते कुजबुजले.

कोणी तोंड उघडेना. कुजबुजत भांडता येत नाही, हे त्या सभेला पहिल्यांदाच समजत होतं. नवरा "तू घे" म्हणायला गेला, तर ते इतकं प्रेमळ ऐकू आलं की तो स्वतःच ओशाळला. ताई "नाही, तू घे" म्हणाली आणि तिला हसू फुटलं. ते दाबताना ती थरथरली तशी सगळ्यांनी श्वास रोखला. गोटीने फक्त कूस बदलली.

दार किलकिलं झालं. चवड्यांवर चालत ताडमाड आत आली, मागे अख्खा संघ, सगळ्यांचे बूट हातात.

"सर," ती कुलगुरूंच्या कानाशी वाकून म्हणाली, "आम्हाला तत्त्वज्ञान विषय घ्यायचाय. सगळ्यांना."

"का गं बाळा?"

"तो चेंडू कोणाचा, ते अजून कळलं नाही."

कुलसचिव बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुटपुटल्या, "मग विभाग बंद करता येणार नाही. एवढे विद्यार्थी व्यवस्थापनातसुद्धा नाहीत."

कुलगुरूंनी खिशातून पेन काढलं. त्याची शाई वाळली होती, ते त्यांनी दोनदा झटकलं. मग ताईच्या अर्जावर स्वतःच्या हाताने सावकाश लिहिलं: जमीन करावी.

"अनुमोदन?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

बोलायची कोणाची छाती नव्हती. सगळ्यांनी हात वर केले. दुसरा शिक्षक पुढच्या वर्षी बघू, असं जाता जाता ते नवऱ्याच्या कानात म्हणाले, म्हणजे त्याची चर्चा होणार. तोवर त्या सगळ्या पोरी माझ्या नवऱ्याच्या एकट्याच्या गळ्यात. पण तो गळा मी कित्येक दिवसांनी इतका खुशीत पाहिला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई खाली आली. एका हातात छत्री होती. मी गोटी तिच्या खांद्यावर दिली, चहा ओतला आणि टेबलाशी जाऊन बसले. केससुद्धा विंचरले होते.

"एक-दोन, एक-दोन." बराच वेळ. गोटी टक्क जागी.

"अगं, झोपत नाही ही," ताई दाराआडून म्हणाली. मग तिनेच ओळखलं. "बाळ्या! इकडे ये. वाद घाल."

"कशावर?"

"कशावरही. हळू घाल फक्त."

नवरा आला. बोळात दोघांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक-दोन, आणि मुळात जिंकणं म्हणजे काय, एक-दोन, आणि मूर्खासारखं बोलू नकोस. गोटीचे डोळे मिटले. मी पेन उचललं. मग बोळातला आवाज बदलला म्हणून दाराच्या फटीतून पाहिलं.

खांद्यावर गोटी, आणि मोकळ्या हातात ताईने मोज्यांचा एक बोळा करून घेतला होता. तिने तो हलकेच भावाकडे टाकला. त्याच्या हातातून पडला.

"डोळे माझ्याकडे नाही. मोज्याकडे."

पुन्हा टाकला. पुन्हा पडला.

"मी विसरलो नव्हतो गं," तो कुजबुजला.

"मला काय माहीत. एक-दोन. हात जवळ घे."

पुन्हा पडला. तो वाकून उचलायचा, ती वाट बघायची, आणि गोटी तोंड उघडं टाकून झोपली होती. मी फटीला डोळा लावून तशीच उभी राहिले. निदान एक तरी झेल बघावा म्हणून. टेबलावर चहा गार झाला, आणि या वेळी तो माझा मीच होऊ दिला.